काजरवाडीचा रंग

काजरवाडी लाल दिसत होती. अक्षयाने नकाशा मोठा केला, लहान केला, पान बंद करून पुन्हा उघडलं, ओढणीच्या टोकाने लॅपटॉपचा पडदासुद्धा पुसून पाहिला. पण लाल ते लालच. आजूबाजूच्या सगळ्या वाड्या हिरव्या. समुद्राकडचा पट्टा, जिथे घराआड घर 'मासळी थाळी, राहण्याची सोय' असे फलक लागलेत, तो पिवळा, आणि ते तिला अपेक्षितही होतं. पण मध्येच, माडांच्या आणि कौलांच्या मधोमध, कुणी कुंकवाचं बोट टेकवावं तसा हा ठिपका, आणि त्या ठिपक्याच्या आत मावशीच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेली ती स्वतः. गंमत अशी की हे रंग तपासणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं. पुण्याची एक कंपनी वस्त्यांना सुरक्षिततेचे रंग द्यायची. तक्रारी, बातम्या, रस्त्यावरचे दिवे असलं सगळं यंत्राच्या पोटात घातलं की यंत्र रंग सांगायचं, आणि त्या रंगावर माणसाची नजर फिरवायला अक्षया होती. ती वर दोन-तीन ओळी लिहायची. 'कुटुंबांसाठी योग्य.' 'सायंकाळनंतर एकट्याने फिरणे टाळावे.' तिच्या त्या ओळी वाचून लोक घरं घ्यायचे, मुलींना शिकायला पाठवायचे किंवा पाठवायचे नाहीत. ज्या वस्त्यांबद्दल ती इतकं ठामपणे लिहायची त्यांतल्या बहुतेक तिने कधी डोळ्यांनी पाहिलेल्याही नव्हत्या. आता शहरवाल्यांना कोकणात जमिनी हव्या होत्या, म्हणून कंपनीला किनारपट्टीचे रंग हवे होते, आणि रंगवता रंगवता कंपनी थेट तिच्या उंबऱ्यापाशी येऊन पोचली होती.

नकाशा शुक्रवारी सगळ्यांसाठी खुला होणार होता, आणि तो सगळ्यांत आधी उघडणारा माणूस कोण असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. कौस्तुभ वाईट नव्हता. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हाही त्याने आवाज चढवला नाही, फक्त कपाटातली फाइल काढावी तसे एकेक मुद्दे काढले. तेजस्वीने, म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या तेजूने, वर्षभर आईबरोबर मालवणला राहायला त्याची हरकत नव्हती. 'पण जागा सुरक्षित हवी,' तो म्हणाला होता, 'तसं नसेल तर ती माझ्याकडे येईल, आणि तू त्यात आडवी येणार नाहीस.' तेव्हा अक्षयाने मान हलवली होती. आता तिच्याच कंपनीचा, तिच्याच नजरेखालून गेलेला कागद त्याच्या हातात पडणार होता. रंगाच्या शेजारी एक बारीक चौकट होती. यंत्राचा रंग पटला नाही तर तिथे बोट टेकवून तो बदलता यायचा. लालचा पिवळा केला असता तर तिला कुणी विचारलं नसतं. दिवसाकाठी दोन-चार रंग ती बदलायचीच. बोट चौकटीवर नेऊन तिने मागे घेतलं. खोटं करायला ती भीत नव्हती. भीती वेगळीच होती. हे खरं असेल तर? आपण सहा महिने आंधळ्यासारखे इथे राहिलो आणि यंत्राला दिसतंय ते आपल्याला दिसलंच नाही, असं असेल तर?

तसं पाहिलं तर पहिल्या दिवसापासून तिला ही वाडी धड पचली नव्हती. मुख्य रस्त्यावरून वाडीत उतरणारी पाणंद, म्हणजे दोन्ही बाजूंना चिरेबंदी गडगे आणि मध्ये एक स्कूटर जाईल एवढी वाट. त्या वाटेने एका दमात घरी येणं कुणालाच जमायचं नाही. तोंडाशीच आनंदीबाई मासे साफ करत बसलेली, ती मान वर न करता विचारणार, "खंय गेल्लंस गो?" पुढे गणपत सुतार, त्याच्या रंध्याचा आवाज थांबला की समजावं आता प्रश्न येणार. त्यानंतर सुक्या मासळीचा व्यापार करणाऱ्या रहमतुल्लाचं घर, आणि त्याची बायको बदरुन्निसा खिडकीतून हटकल्याशिवाय सोडणार नाही. मग काजूची झाडं, ओहोळावरचा साकव, आणि साकव ओलांडला की मावशीचं घर. पिशवीत काय, कितीला आणलं, पोरगी कुठे, उद्या येणार का. अक्षयाला वाटायचं, काय ही भोचक माणसं! यांना आपापली कामं नाहीत का? दुसऱ्याच आठवड्यात तिने कानांत इयरफोन घालायला सुरुवात केली, आणि लोक हसून गप्प बसले. तेजू मात्र हां हां म्हणता त्यांच्यातली झाली. एकटीने चालत शाळेतून यायचं म्हणून ती रोज हट्ट धरायची, आणि अक्षया रोज नाही म्हणून स्कूटर काढायची.

पुण्यात असं कुणी विचारत नव्हतं. तिथल्या सोसायटीच्या फाटकात रखवालदार होता, प्रत्येक मजल्यावर कॅमेरा होता, आणि शेजारच्या दाराची पाटी वाचल्याशिवाय शेजाऱ्याचं नाव कळत नव्हतं. ती शांतता तिला आवडायची. मग एका संध्याकाळी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन ती लिफ्टमध्ये शिरली, आणि वरच्या मजल्यावर राहणारा, दिवाळीत सगळ्यांना मिठाईचे डबे वाटणारा एक गृहस्थ तिच्यामागून आत आला. दार मिटलं. बटण दाबायला म्हणून पुढे केलेला त्याचा हात बटणावर गेलाच नाही. त्याचं सगळं अंग तिच्या अंगावर, पाठीला आरशाची गार काच, त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास, आणि हातातून सुटलेले टोमॅटो पायाशी घरंगळत असलेले. ती ओरडली. इतक्या मोठ्याने ओरडली की तो आवाज आपला आहे हे तिलाच क्षणभर कळलं नाही. लिफ्ट थांबली, दार उघडलं, तो कॉलर नीट करत जिन्याकडे चालता झाला. समोर तीन बंद दारं होती. त्यांतल्या एका दाराच्या भिंगातला उजेड आधी दिसत होता, मग तिथे कुणीतरी डोळा लावला तसा तो विझला, आणि थोड्या वेळाने पुन्हा दिसू लागला. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी चहा दिला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की लिफ्टमधला कॅमेरा नेमका बंद होता, आणि अशा गोष्टी बाहेर गेल्या की फ्लॅटचे भाव पडतात, तुमच्याही फ्लॅटचा पडेल. तिने कौस्तुभला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. पण त्यानंतर तिचा आवाज बसला तो बसलाच. घसा ठीक होता, डॉक्टरने तपासला होता. तरी जोरात हाक मारायची वेळ आली की तोंडून फक्त वारा यायचा. आणि ती सोसायटी नकाशावर आजही हिरवीगार होती. 'कुटुंबांसाठी योग्य' ही ओळ तिने स्वतः, त्या संध्याकाळच्या बऱ्याच आधी, लिहिलेली होती.

लाइट गेली. पंखा मंदावत थांबला, इंटरनेटचं यंत्र मिचकावायचं थांबलं, आणि अर्धवट उघडलेला नकाशा तसाच गोठून राहिला. अक्षया उठून घरापुढच्या खळ्यात आली. शेवंतीमावशी शेणाने सारवलेल्या खळ्याच्या कडेला माडाच्या झावळ्या पसरून बसली होती. एकेक पात सुरीने सोलायची, मधला हीर वेगळा करायची आणि केरसुणीसाठी जुडीत ठेवायची. मावशी म्हणजे अक्षयाच्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, वाडी सोडली नाही, पासष्टीला आली तरी कंबर ताठ. फक्त गेल्या पावसाळ्यातल्या दुखण्यापासून तिचा आवाज पार खोल गेला होता, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर जवळ बसावं लागे. अक्षया जवळ बसली, एक पात उगाच हातात घेतली, आणि यंत्राने आपल्या वाडीला लाल रंग दिलाय हे तिला सांगून टाकलं. शुक्रवारचं सांगितलं, कौस्तुभचं सांगितलं. मावशीची सुरी चालतच होती.

"लाल म्हणजे वायट?"

"वाईटच. तक्रारी फार आहेत, मावशी. गेल्या वर्ष-दीड वर्षात पोलिसांत इतक्या तक्रारी आजूबाजूच्या कुठल्याच वाडीतून नाहीत."

मावशी हसायला लागली. खोल गेलेल्या आवाजाचं ते हसू म्हणजे नुसते खांदे हलत होते. "त्यो आमीच केल्यो," ती म्हणाली.

मग कळलं ते असं. बदरुन्निसाची सनोबर नर्सिंग शिकते. वर्षामागे, समुद्रावर पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या धंद्यातला कुणी एक पोरगा रोज मोटारसायकल घेऊन तिच्या मागे पाणंदीपर्यंत यायला लागला. सनोबरने कॉलेजला जायचं बंद केलं. वाडीतली जाणती माणसं जमली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, देवळात नारळ ठेवू, गाऱ्हाणं घालू, बोभाटा नको. बदरुन्निसाच्या घरची माणसंही म्हणाली, बोभाटा नको, मुलीचं लग्न व्हायचंय. दोन धर्मांची माणसं एवढ्या एका गोष्टीवर पटकन एक झाली, हे सांगताना मावशीला अजून मौज वाटत होती. तिने तेव्हा एवढंच म्हटलं होतं की नारळ खुशाल ठेवा, पण आधी पोलीस ठाणं. आणि ती अन् बदरुन्निसा रिक्षा करून गेल्या. अर्ज बदरुन्निसाने स्वतः लिहिला आणि खाली सही केली. त्या पोराला बोलावून दम भरला गेला, मोटारसायकल यायची थांबली, सनोबर पुन्हा कॉलेजला जायला लागली. मग बायकांना चटकच लागली. कुणी पर्यटक दारू पिऊन विहिरीवर अंघोळीला उतरले, गेल्या ठाण्यात. कुणी पाणंदीत उभं राहून शिट्ट्या मारल्या, गेल्या ठाण्यात. आनंदीबाईचा कोंबडा गेला तर तिने कोंबड्याचीसुद्धा तक्रार दिली. ठाण्यातली पोलीसबाई आता त्यांना लांबून ओळखते आणि आधी चहा सांगते. पाणंदीत दिवे आले तेही त्यातूनच आले. 'आता आमी काय्येक दडवणव नाय,' मावशी म्हणाली, आणि सोललेला हीर जुडीत खोचला.

अक्षयाच्या डोक्यात तो ठिपका हळूहळू फिरत होता. म्हणजे त्या लाल रंगात दारुडे पर्यटक होते, शिट्ट्या होत्या, आनंदीबाईचा कोंबडा होता. पण त्याच्या आधी? नकाशात मागची वर्षंही पाहता येत. मागची सगळी वर्षं ही वाडी हिरवी होती, एक तक्रार नाही. तिने तसं म्हणून दाखवलं. मावशीची सुरी पहिल्यांदाच थांबली.

"आणि तुझी आवस हंय होती तेवा? तेवा कसलो रंग दाखवल्यान असतो तुझ्या मशीनीन?"

"हिरवा," अक्षया म्हणाली. "आईच्या वेळी तर काहीच तक्रार नसणार."

"हिरवो," मावशी म्हणाली आणि सुरीचं टोक ओहोळाच्या दिशेने केलं. "तुझ्या आवशीक मुंबयक शिकूक नाय धाडलेली गो. साकवार एकान तिचो हात धरलेल्यान. वाडीतलोच माणूस. तिणा घराकडे येवन सगळा सांगल्यान. मगे देवळात नारळ ठेवलो."

त्या दिवसाचं पुढचं मावशीने तुटक तुटक सांगितलं. ती तेव्हा बारा वर्षांची, मोठ्या माणसांच्या मागे देवळाच्या खांबाला धरून उभी. नारळ ठेवून गाऱ्हाणं सुरू झालं, बा म्हाराजा, वाडीत जो कोण चुकलो असात तेका सुबुद्धी दी, लेकरांची राखण कर, आणि सगळी माणसं एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणत राहिली. नाव कुणी घेतलं नाही. नाव न घेणं हेच शहाणपण. "आणि तो माझ्या म्होरच उभो होतो," मावशी म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यान 'होय म्हाराजा' म्हणत होतो." मग खोबरं वाटलं गेलं, सगळ्यांनी खाल्लं, त्यानेही खाल्लं. देवाची चूक नव्हती. देवाला नावच कुणी सांगितलं नव्हतं. पुढल्या आठवड्यात सतरा वर्षांच्या लक्ष्मीला, म्हणजे अक्षयाच्या आईला, शिकायला म्हणून डोंबिवलीच्या काकांकडे पाठवून दिलं.

अक्षयाला आई आठवली. गावी यायचं म्हटलं की आईचं डोकं दुखायला लागायचं. आलीच तर मुख्य रस्त्याने, रिक्षाने, मागच्या बाजूने मोठा वळसा घालून घरी उतरायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, साकव मोडलाय ना. लहानपणी अक्षयाला ते खरं वाटायचं. मोठेपणी एकदा ती एकटी आली तेव्हा साकव चांगला सिमेंटचा, धडधाकट निघाला, आणि तिला आईचं हसू आलं होतं. त्या हसण्याची आता तिला इतकी लाज वाटली की हातातली पात तिने चुरगाळून टाकली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. एकदाही, तापाच्या ग्लानीतसुद्धा, तिने ते सांगितलं नव्हतं. आणि आपण तरी काय केलं? लिफ्टमधून बाहेर पडलो आणि आपणही आपला साकव मोडून टाकला. मग तिला कळलं की आपण हे नुसतं मनात म्हणत नाही आहोत. ती मावशीला सांगत होती. बडीशेपेचा वास, आरसा, टोमॅटो, भिंगातला विझलेला उजेड, सेक्रेटरींचा चहा, सगळं. सगळं सांगून झाल्यावर मावशीने पातीच्या हिरवट रसाने चिकट झालेला हात अक्षयाच्या पाठीवर ठेवला.

"तू बोब मारलंस मां?"

"मारली."

"मगे? आयकूक कोण नाय, ह्येत तुझी काय चूक?"

अक्षया रडली. खूप दिवस रडायचं राहून गेलेलं माणूस रडतं तशी, नाक पुसत, मध्येच हसत. इतकी साधी गोष्ट तिला इतक्या दिवसांत कुणी सांगितली नव्हती, आणि सांगणार तरी कसं, तिने कुणाला विचारलंच नव्हतं. केव्हा खळ्यातलं ऊन तुळशीच्या पलीकडे गेलं, तिच्या ध्यानात आलं नाही. मग घरात पंखा अचानक फिरायला लागला, लाइट आली, आणि फोनवर तीन निरोप एकदम वाजले. तिसरा तेजूच्या बाईंचा होता. तुम्ही आला नाहीत, तेजस्वी म्हणाली आई घरी वाट बघतेय, मी चालत जाते, म्हणून निघाली. अक्षया ताडकन उठली. स्कूटरची चावी, चप्पल, चावी कुठे ठेवली, आणि डोळ्यांसमोर नुसता लाल रंग. ती पाणंद, तो साकव, आणि नऊ वर्षांची पोरगी. मावशीने तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हाताला एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"खंय धावतंस? उबी ऱ्हव. आयक."

काय ऐकायचं ते तिला आधी कळेना. माडांतून वारा, कुठेतरी नळाचं पाणी. मग लांबून, पाणंदीच्या तोंडाशी, आनंदीबाईचा चिरका आवाज आला, "तेजू गो, आज पायान?" त्यावर काहीतरी बारीक उत्तर, शब्द कळत नव्हते पण सूर ओळखीचा. थोडा वेळ काही नाही. मग रंध्याचा आवाज थांबला, आणि गणपतचा घोगरा प्रश्न, आणि पुन्हा तो बारीक सूर, थोडा जवळ. अक्षया जागच्या जागी उभी होती. तिला पोरगी दिसत नव्हती, पण वाटेवर ती नेमकी कुठे आहे ते कळत होतं. एका घराने तिला उचलून दुसऱ्या घराच्या हातात द्यावं तशी ती पुढे सरकत होती. आता बदरुन्निसा. "खंय चल्लंस गे बाय? अम्मीन दप्तर किती भरलंय तुझा!" आणि तेजूचं हसणं, अगदी स्पष्ट. सहा महिने आपण कानांत इयरफोन घालून या वाटेने येत होतो, अक्षयाच्या मनात आलं. कान बंद करून आपण या वाटेचा पहाराच बंद करत होतो.

मग आवाज थांबले. काजूची झाडं आणि साकव, एवढाच तुकडा राहिला होता. तिथे घर नाही. शांतता जरा लांबली, आणि अक्षयाने मावशीकडे पाहिलं. मावशीचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण आवाज खळ्याच्या कडेलाच पडत होता.

"आता आपल्या घराची पाळी," ती म्हणाली. "दुखण्यापासून माझो आवाज साकवावर जायत नाय. इतके दिवस ह्योच एक तुकडो उगडो पडलोहा. तू घाल हाक."

अक्षयाने तोंड उघडलं. पहिल्यांदा नेहमीसारखा वाराच आला. तिच्या पाठीला पुन्हा ती गार काच लागली, समोर ती तीन दारं. मग तिला साकव दिसला, आणि त्याच्यावर सतरा वर्षांची एक मुलगी, जिला त्या दिवशी कुणी 'खंय चल्लंस' म्हणून विचारलं नव्हतं. तिने दोन्ही पाय खळ्यात रोवले आणि पोटातून हाक मारली.

"तेजू! खंय गो?"

हाक माडांत शिरली, ओहोळावर गेली. घराच्या मागे कोंबड्या फडफडल्या. आणि साकवावरून, झाडांच्या आडून, खणखणीत उत्तर आलं.

"घराक चल्लंय!"

तेजू आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते आणि एक मोजा कुठेतरी गळून पडला होता. आई ओरडणार म्हणून तिने आधीच तोंड तयार ठेवलं होतं, पण आईने तिला नुसतं धरून ठेवलं, इतकं की ती शेवटी कंटाळून सुटली आणि पाय धुवायला पळाली. अक्षया आत गेली. नकाशा पुन्हा जिवंत झाला होता. तिने चौकटीला हात लावला नाही. लाल होतं ते लालच राहू दिलं, आणि खालच्या ओळींत नेहमीचं काही न लिहिता एवढंच लिहिलं की इथल्या बायका तक्रार करतात, आणि शेजारच्या हिरव्या वाड्यांबद्दल मला यापुढे खात्री देता येणार नाही. कंपनी ते ठेवील की काढील, ते कंपनी बघेल. मग तिने शुक्रवारची वाट न पाहता कौस्तुभला फोन केला. वाडी लाल आहे हे पहिल्या वाक्यातच सांगितलं, आणि दुसऱ्या वाक्यात लिफ्टचं. या वेळी त्याच्या बोलण्यात मुद्दे नव्हते. 'मला सांगितलं का नाहीस,' एवढंच तो म्हणाला, आणि मग, नाताळच्या सुटीत मी तिकडे येतो, चार दिवस राहतो, मग बोलू. तेजूला न्यायला का, असं तिने विचारलं. नाही, तो म्हणाला, बघायला.

ती पुन्हा पडवीत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पाणंदीतले नवे दिवे एकामागून एक लागत होते. मावशी हिराच्या जुड्या बांधत होती, तेजू तिला दोरी देत होती. साकव ओलांडून मागच्या रस्त्याकडे निघालेल्या कुणाची तरी चाहूल लागली. पायांत चपला, खांद्याला बॅग, भरभर चाल. मावशीने डोकं वर केलं, पण तिच्या आधी अक्षया खळ्याच्या कडेला पोचली होती.

"सनोबर," तिने हाक मारली, "खंय चल्लंस गो?"

चपला थांबल्या. इयरफोनवालीने हाक मारलेली सनोबरला नवीनच होती.

"ड्युटीवर, ताई," ती अंधारातून म्हणाली. "सकाळी येतंय."

"ये," अक्षया म्हणाली, "आमी हंयच आसंव."